सांतियागोचं मावंदं

फोन मार्ताचा होता. मी हॉस्पिटलच्या फार्मसीत सकाळच्या औषधांची पडताळणी करत होतो, आणि शेजारीण कामाच्या वेळी फोन करते म्हणजे एक तर कुंपण पडलं असणार, नाहीतर तिचं कुत्रं आमच्या वाफ्यात शिरलं असणार, असं गृहीत धरून मी जरा तुटकपणेच बोललो. "रवी, घरी ये," ती म्हणाली. "प्रमिला बाकावर बसलीय. मी चहा घेऊन आले, तर ती उठत नाही..." मी पोचलो तेव्हा सासूबाई मागच्या बागेतल्या बाकावर तशाच बसलेल्या होत्या. मान किंचित खाली, मांडीवर निवडायला घेतलेली कोथिंबीर. मार्ता त्यांचा हात धरून शेजारी बसली होती आणि दोन कप चहा निवून गेला होता. अँब्युलन्समधल्या बाई म्हणाल्या, त्रास झाला नसणार, क्षणात गेल्या असतील. मी मेधाला फोन लावला.

या गोष्टीला आता सात आठवडे झाले. सासूबाईंवर लिहायचं मी पहिल्याच आठवड्यात ठरवलं होतं आणि रोज टाळत होतो. कारण सरळ आहे. त्यांच्याबद्दल खरं लिहायचं तर माझ्याबद्दलही खरं लिहावं लागतं, आणि ते लिहिण्यासारखं नाही. जावयाने सासूची स्तुती करावी, चार डोळे पाणवावेत, असा लेख मला एका बैठकीत लिहिता आला असता. तसा लिहूनही पाहिला. वाचला आणि फाडून टाकला.

प्रमिलाताईंनी सांगलीच्या टपाल कार्यालयात एकतीस वर्षं सॉर्टिंग केलं. म्हणजे गावोगावच्या पत्रांचे पत्ते वाचायचे आणि ती ज्या त्या खणात टाकायची. खुद्द त्या मात्र मिरज, कोल्हापूर आणि लग्नाकार्यापुरतं पुणं यापलीकडे कधी गेल्या नव्हत्या. "साऱ्या जगाचे पत्ते माझ्या हाताखालून गेले, मी तेवढी खणातच राहिले," असं त्या हसत म्हणायच्या. सासरे गेले आणि मेधा, त्यांची एकुलती एक मुलगी, त्यांना इकडे परदेशात, लोअर हटला घेऊन आली. आल्यावर आठवड्याभरात आमच्या रस्त्यावरच्या यच्चयावत घरांत कोण राहतं ते त्यांना ठाऊक झालं होतं, मला नऊ वर्षांत झालं नव्हतं. इथे टपालपेट्या फाटकावर असतात. त्यावरचे आकडे, नावं, कुठली पेटी गंजली आहे, कुठल्या पेटीतून जाहिराती ओसंडताहेत, हे बघून त्या माणसं ओळखायच्या. आमच्या पोस्टमनला, म्हणजे इथल्या भाषेत पोस्टीला, त्यांनी गठ्ठा कसा लावला तर सायकल कमी वेळा थांबवावी लागेल ते शिकवलं. तो बिचारा "स्वीट अ‍ॅझ, प्रमिला," म्हणजे झकास, असं म्हणाला आणि खरोखर तसा गठ्ठा लावू लागला. मला तेव्हा या सगळ्याची थोडी लाज वाटायची. एवढ्यावरच थांबलो असतो तर बरं झालं असतं.

लेकीच्या घरी राहण्याचा त्यांना संकोच होता. त्यांच्या आईच्या पिढीत लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत. त्या मला नेहमी ‘रवींद्रराव’ म्हणत आणि अहो-जाहो करत. गॅस लावायचा, हीटर लावायचा, बागेत काही पेरायचं, तरी आधी "रवींद्ररावांना विचारून" असं म्हणायच्या. मी दर वेळी "अहो आई, विचारायचं काय त्यात?" असं म्हणायचो आणि मनातून सुखावायचो.

मार्ताशी त्यांची ओळख कोथिंबिरीवरून झाली. मार्ता चिलेची. तिच्या देशात लष्कराचं राज्य आलं तेव्हा, सत्तरच्या दशकात, ती नवऱ्याबरोबर इथे आसऱ्याला आली, आणि आता नवराही नव्हता. तिच्याकडे रोजच्या जेवणात कोथिंबीर लागते हे कळल्यावर सासूबाईंना हर्ष झाला. जिथे कोथिंबीर खातात तिथली माणसं परकी कशी असतील, हे त्यांचं साधं गणित. दोघींचंही इंग्रजी उसनं. पण दोघी रोज दुपारी त्या बाकावर तास तास बोलायच्या. कसं ते मला आजही सांगता येणार नाही.

२००६ सालच्या एप्रिलमध्ये मार्ताची सांतियागोची थोरली बहीण आजारी पडली. मार्ता तीस वर्षांत एकदाही परत गेली नव्हती. तिचा धाकटा भाऊ तिथे पकडला गेला होता आणि तो कधीच घरी आला नाही. त्या गल्लीत पुन्हा पाय ठेवायची तिची छाती होत नव्हती. एका रविवारी जेवताना सासूबाई म्हणाल्या, "मार्ताला सोबत पाहिजे. तिची बहीण म्हणती, राहायला घर आहे. माझी पेन्शन साठलीय. पाच आठवड्यांचा प्रश्न आहे, मी जाऊन येते की." मेधाला आनंद झाला, आमची लेक ईशा टाळ्या पिटायला लागली. मी मात्र मनात हिशेब करू लागलो. सासरे जाऊन वर्ष व्हायला महिना उरला होता. वर्षश्राद्ध सांगलीला पुतण्या करणार होता. वर्षाच्या आत, सुतकी चेहऱ्याने घरात बसायचं सोडून, बाई दक्षिण अमेरिकेत फिरायला जाणार... आणि मी नुकताच आमच्या इथल्या मराठी मंडळाचा कार्यवाह झालो होतो. लोक काय म्हणतील, हा प्रश्न मला पडला. कबूल करतो, पहिला तोच पडला.

‘नाही’ म्हणायची माझी हिंमत नव्हती. मी ‘हो’ म्हणालो आणि मंडळात सांगितलं की सासूबाई वर्षश्राद्धासाठी सांगलीला गेल्या आहेत. विमानतळावर सोडून येताना गाडीत मेधाला आणि ईशाला तसं बजावलं. मेधा खिडकीबाहेर बघत राहिली. ईशा सहा वर्षांची होती. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं. "बट दॅट्स नॉट ट्रू, बाबा," ती म्हणाली. मी म्हटलं, मोठ्यांच्या काही गोष्टी असतात. हॉस्पिटलात एका बाटलीवर चुकीचं लेबल लागलं तर आम्ही चौकशी बसवतो. घरी मी ते स्वतः लावत होतो, शांतपणे.

त्या सगळ्या दिवसांत त्यांचा दर रविवारी फोन यायचा. पहिल्याच फोनवर म्हणाल्या, "अहो रवींद्रराव, मंगळवारी संध्याकाळी निघालो आणि मंगळवारीच दुपारी पोचलो. मधला वेळ कुठल्या खणात गेला कोण जाणे." शहर बघायची त्यांची रीत त्यांच्या नोकरीतली होती. नकाशा घेतला आणि पोस्टमनची असतात तशी त्याची बिटं पाडली. रोज एक बीट, पायी. सकाळी मार्ताच्या बहिणीचं औषधपाणी आवरून दोघी निघायच्या. पात्रोनातो नावाच्या भागात कापडाची दुकानं, मालक अरब, कोरियन. न्युन्योआत झाडांची सावली आणि बंगले, पेट्या पितळेच्या, घासलेल्या. फ्रँकलिनला जुना बाजार, तिथे दारांना आकडेच नाहीत, तर पोस्टमन करत काय असेल याची त्यांना चिंता. नदीपलीकडे भाजीबाजार, त्यात कोथिंबिरीच्या जुड्या हातभर लांब. पिवळ्या बसमध्ये चढून शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं आणि तिथून उलटं चालत यायचं. पत्र्याची घरं, भटकी कुत्री, डोक्यावर बर्फाचे डोंगर... "कुत्री आपल्यासारखीच," म्हणाल्या, "बीटभर सोबत येतात आणि हद्द आली की परत फिरतात." मी "हो का, वा" म्हणत ऐकायचो आणि फोन मेधाकडे द्यायचो. त्या काय सांगताहेत यापेक्षा उद्या मंडळात कुणी विचारलं तर सांगलीचं ऊन किती होतं म्हणायचं, याचा विचार माझ्या डोक्यात चाललेला असायचा.

मेअखेरीला परत आल्या. ऑकलंडला तपासणीत त्यांच्या बुटांच्या तळव्यांना माती सापडली, आणि बाहेरची माती इथे आत येऊ देत नाहीत म्हणून तिथल्या अधिकाऱ्याने बूट नेऊन, धुऊन आणून दिले. त्याचं त्यांना फार वाईट वाटलं होतं. "तेवढीच आणली होती, तीपण धुतली," असं घरी पोचेपर्यंत तीनदा म्हणाल्या. घरी आल्यावर चहा घेताना मी त्यांना काय सांगितलं ते शब्द मला लिहवत नाहीत. आशय असा, की इथे सगळ्यांना तुम्ही सांगलीला गेला होता असं वाटतंय, तर जरा सांभाळून घ्या. त्यांनी कप बशीत ठेवला. "बरं," म्हणाल्या.

गणपतीत हॉलवर सगळे जमले होते. शोभाताई मंडळातल्या वडीलधाऱ्या, नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांनी सासूबाईंजवळ बसून मायेने विचारलं, "वर्षश्राद्ध नीट झालं ना हो?" मी प्रसादाच्या टेबलाशी उभा होतो. सासूबाईंनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, ‘हे मी तुमच्यासाठी करते आहे’ असंही काही नव्हतं, नुसतं बघितलं. मग म्हणाल्या, "छान झालं. सतरा पानं झाली." मी सुटकेचा श्वास टाकला. एवढंच नाही, मला कौतुक वाटलं. आकडा सांगितल्याने खोटं किती पक्कं होतं, बाई हुशार आहेत, असं मनात आलं. आयुष्यात ज्यांनी एक पत्र चुकीच्या खणात टाकलं नाही, त्यांना मी नवऱ्याच्या श्राद्धाबद्दल खोटं बोलायला लावलं आणि वर मनातल्या मनात शाबासकी दिली.

दोन दिवसांनी त्या स्वयंपाकघरात माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. हात पदराला पुसत होत्या. "रवींद्रराव, एक विचारायचं होतं. मावंदं करावं म्हणते." काशीयात्रेहून परत आलं की मावंदं घालतात. यात्रा केलेल्याने लोकांना जेवायला बोलवायचं, तीर्थ द्यायचं, काय बघितलं ते सांगायचं. त्याशिवाय यात्रा पुरी होत नाही. मी म्हटलं, "काशीला कुठे गेलात, आई?" त्या म्हणाल्या, "काशी नसेल. पण माझी यात्रा झालीच की. तीर्थ नाही, तर कोथिंबिरीच्या वड्या करू. लोकांना चार गोष्टी सांगाव्यात, एवढंच." मी ‘नाही’ म्हणालो नाही. तसा मी सभ्य माणूस आहे. मी म्हणालो, "बघू."

मराठीत ‘बघू’ म्हणजे काय हे लहान पोरालाही कळतं. त्यांना कळलं नसेल असं मी समजत नाही. पुढच्या वर्षी त्यांनी एकदा "त्या मावंद्याचं..." एवढंच म्हटलं आणि मी "हो, बघू म्हणालो होतो ना," असं म्हणून पेपर उघडला. नंतर त्यांनी विषय काढला नाही. मार्ताबरोबर बाकावर बसून नकाशा उघडायच्या, बोटाने एकेक बीट चालायच्या, मी मागच्या दाराने आलो की नकाशाची घडी घालायच्या. टीव्हीवर चिलेचं काही लागलं की हातातलं काम टाकून उभ्या राहायच्या. मी चॅनेल बदलायचो नाही, पण काही विचारायचोही नाही. तीन वर्षं एका घरात राहून मी त्यांना सांतियागोबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. विचारला असता तर ते खरं झालं असतं, आणि मग माझं खोटं खोटं ठरलं असतं.

तेराव्याला घरात तीसेक माणसं होती. लोअर हटला कावळे नाहीत. पान कुंपणावर ठेवलं आणि आम्ही ताटकळत उभे राहिलो. मला मंडळींसमोर अवघडल्यासारखं झालं होतं. तेवढ्यात मार्ता तिच्या बाजूने कुंपणाशी आली, पान बघितलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सांतियागोतही कावळे नव्हते. प्रमिलाने पान गच्चीच्या कठड्यावर ठेवलं होतं. पिवळ्या चोचीचा एक पक्षी आला. ती म्हणाली, चालेल."

आता सगळे वळून माझ्याकडे बघतील, सांतियागो कुठलं, कधी, असं विचारतील, म्हणून मी वाट बघत राहिलो. कुणी वळलं नाही. सगळे खाली बघत होते, गवताकडे. शोभाताईच हळू आवाजात म्हणाल्या, "आम्हाला ठाऊक होतं, रवींद्र. ईशानं त्याच गणपतीत सांगितलं होतं, मोदक खाता खाता. तुम्हाला अवघड होईल म्हणून कुणी विषय काढला नाही. प्रमिलाताईंकडेही नाही काढला..." म्हणजे तीन वर्षं ही सगळी माणसं माझी अब्रू सांभाळत होती, आणि त्यापायी एक अख्खं शहर पायी चालून आलेल्या बाईला कुणी ‘कसं होतं हो?’ एवढंही विचारलं नव्हतं.

जेवणं झाल्यावर मार्ताने उरलेलं सांगितलं. शेवटच्या आठवड्यात युंगायचं बीट राहिलं होतं. युंगाय म्हणजे मार्ताचा जुना मोहल्ला. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर मार्ताचे पाय उचलेनात. सासूबाईंनी तिला कोपऱ्यावरच्या बाकावर बसवलं आणि एकट्याच आत गेल्या, दारांवरची नावं वाचत, एकूण किती घरं, कोणाची नावं जुनी, कोणाची नवी, सगळं बघून परत आल्या. म्हणाल्या, तुझ्या घराचा दरवाजा अजून निळा आहे, आणि सात दारांवरची नावं जुनी दिसतात. भावाला नेलं त्या दिवशी याच दारांच्या कड्या आतून लागल्या होत्या. मार्ता म्हणाली, मी त्या माणसांची तोंडं बघणार नाही. तीन दिवसांनी सासऱ्यांची तिथी होती. त्या दिवशी मार्ताच्या बहिणीच्या घरी त्यांनी वरण, भात, भोपळ्याची भाजी, कोथिंबिरीच्या वड्या केल्या आणि स्वतः जाऊन त्या सातही दारांवर टकटक केली. भाषा येत नव्हती. मार्ताकडून एका कागदावर दोन ओळी लिहून घेतल्या होत्या, "माझा नवरा गेला. आज जेवायला या." मार्ता म्हणाली, "मेलेल्या माणसाच्या जेवणाला नाही कसं म्हणणार? आले सगळे, बायकापोरांसकट. खाली मान घालून जेवले. त्यातली एक म्हातारी जाताना माझ्या भावाचं नाव घेऊन रडली. तीस वर्षांत ते नाव त्या गल्लीत कुणी उच्चारलं नव्हतं..." मी विचारलं, किती जण होते? मार्ताने बोटांवर मोजलं नाही, आठवायला थांबलीही नाही. "सतरा," ती म्हणाली.

म्हणजे गणपतीच्या हॉलमध्ये त्या खोटं बोलल्याच नव्हत्या. वर्षश्राद्ध नीट झालं होतं, सतरा पानं झाली होती. त्या दिवशी तिथे खोटं बोलणारा मी एकटाच होतो, आणि तेही तोंड न उघडता.

गेल्या शनिवारी मेधा आणि मी त्यांची खोली आवरायला घेतली. कपाटात वरच्या फळीवर ते बूट होते, धुतलेले, पेपरात गुंडाळलेले. सुटकेसमध्ये नकाशा होता, पेन्सिलने बिटं पाडलेला, प्रत्येक बिटाला आकडा, युंगायच्या आकड्याभोवती गोल. नकाशाच्या घडीत फुलस्केपचा एक कागद होता. वर बारीक, सुवाच्य अक्षरात ‘मावंदं’ आणि खाली नावं. पहिलं मार्ताचं. मग शोभाताई, मंडळातल्या बायका, ईशाच्या वर्गशिक्षिका, आमचा पोस्टी. ऑकलंडला, हेन्डरसनला राहायला गेलेल्या एका कुटुंबाच्या नावावर काट मारलेली होती. मी वाचत खाली आलो आणि शेवटच्या नावाशी थांबलो. कुलकर्णी, चौघे. पलीकडच्या रस्त्यावर राहणारे हे कुलकर्णी भारतातून इथे आले त्याला अजून वर्षही झालेलं नाही.

कागद मी मेधाकडे दिला. तिने तो पूर्ण वाचला, माझ्याकडे न बघता परत दिला आणि खोलीबाहेर गेली. सगळ्यात खाली ‘तारीख’ असं लिहून पुढे जागा सोडलेली आहे, आणि त्या जागेनंतर कंसात, पेन्सिलीने, ‘रवींद्ररावांना विचारून’.